चेनसॉचा क्लच आणि चेन ब्रेक: आधी उघडा, साफ करा, मग पार्टचं बघा

‘क्लच गेलाय, नवीन टाकून द्या.’ एप्रिल-मे महिन्यांत, पावसाळ्याआधी सरपण भरायच्या घाईत, हे वाक्य मी दिवसाआड ऐकतो. मशीन टेबलावर घेतो, कव्हर काढतो, तर आत भुसा आणि ऑइलचा काळा लगदा, इतका घट्ट की खरवडूनच काढावा लागतो. तो काढला, बेअरिंगला चिमूटभर ग्रीस लावलं की बरीचशी मशीनं आहे त्याच क्लचवर चालू लागतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं आणि दापोली-मंडणगडपर्यंतच्या बागा आडव्या झाल्या. आमच्याकडे चेनसॉ वाडीवाडीत पोचला तो त्यानंतर. मशीनं वाढली, पण ती उघडून बघायची सवय तेवढी वाढली नाही. म्हणून हे सगळं नीट क्रमाने लिहितोय.

आत काय चालतं

क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) टोकावर क्लच आट्यांनी बसवलेला असतो. त्याला दोन किंवा तीन जाड शू आणि त्यांना आत ओढून धरणारी स्प्रिंग असते. मशीन स्लोवर म्हणजे मिनिटाला साधारण २,७०० ते ३,००० फेऱ्यांवर असताना स्प्रिंगचा जोर जास्त पडतो, शू त्यांच्याभोवतीच्या वाटीसारख्या ड्रमपासून सुटे राहतात आणि चेन उभी राहते. रेस दिली की शू बाहेर फेकले जातात, साधारण ३,५०० ते ४,०००च्या आसपास ड्रमला घासू लागतात आणि त्याला सोबत फिरवतात. ड्रमला स्प्रॉकेट म्हणजे दातेरी चाक जोडलेलं असतं आणि स्प्रॉकेटवर चेन. पूर्ण रेसला हेच मशीन बारा-तेरा हजारांवर जातं.

त्याच ड्रमला बाहेरून पोलादी पट्ट्याचा वेढा असतो, तो चेन ब्रेक. पुढच्या मुठीसमोरचा गार्ड पुढे गेला की दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटते आणि पट्टा ड्रमला आवळतो. गार्ड एक तर आपल्या डाव्या हाताच्या धक्क्याने पुढे जातो, नाही तर बारचं (चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचं) टोक कशाला लागून मशीन वर उसळलं की स्वतःच्या जडपणाने आपोआप पडतो. थोडक्यात, एकाच ड्रमला आतून क्लच ओढतो आणि बाहेरून ब्रेक धरतो. म्हणून ब्रेक चिकटला की क्लच जळतो, आणि क्लच तापला की ब्रेकचा पट्टाही भाजून निघतो. दोन्ही कामं एकाच वेळी करावीत.

उघडण्याआधी दुखणं ओळखा

सगळ्यात जास्त तक्रार येते ती ‘स्लोवर चेन फिरते’ ही. आधी स्लोचा स्क्रू थोडा उलटा फिरवा. मशीन शांत झालं आणि चेन थांबली तर बात संपली, क्लचला हात लावायची गरज नाही. मशीन बंद पडायच्या बेतात आलं तरी चेन सरकतेच आहे, तर मात्र स्प्रिंग तुटलीय, ताणलीय किंवा बेअरिंग धरलंय.

यातलं नेमकं काय, ते इंजिन बंद ठेवून कळतं. प्लगची टोपी काढा, ब्रेक सोडा, जाड हातमोजा घाला आणि चेन हाताने पुढे ओढा. चेन मोकळी सरकली पाहिजे. ओढताना आतून पिस्टनचा अटकाव जाणवला, थांबून थांबून जोर लागला, तर ड्रम क्रँकला चिकटलाय. मागे एक गडी मशीन घेऊन आला होता. तालुक्याच्या एका दुकानात महिन्यापूर्वी नवे शू आणि नवी स्प्रिंग टाकून घेतली होती, बिल खिशात होतं आणि चेन तशीच फिरत होती. ड्रम काढला तर आतलं नीडल बेअरिंग कोरडं ठणठणीत, कॉफीच्या रंगाचं झालेलं. नवे शू बिचारे निर्दोष होते.

स्लोवर खडखड आवाज आला तर स्प्रिंगचा हुक तुटल्याची शक्यता जास्त. रेस दिल्यावर इंजिन ओरडतं आणि चेन लाकडात दमते, तर आधी चेनला धार आहे का ते बघा. बोथट चेन दाबून चालवणारे क्लचला शिव्या घालतात. धार चांगली असूनही असं होत असेल, तर शू झिजलेत किंवा त्यांच्यावर ऑइल उतरलंय. आणि धूर, करपट वास येत असेल, तर ब्रेकचा पट्टा पूर्ण सुटत नाहीये किंवा ब्रेक लावूनच रेस दिली गेलीय.

लागणारी हत्यारं

मशीनसोबत आलेला प्लग पाना, क्लच काढायचा पाना (मधोमध षटकोन असेल तर बहुतेकदा १९चा, नसेल तर दोन खुंट्यांचा क्लच पाना), बारीक पक्कड, जुना टूथब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, कोरडं फडकं, उष्णता सोसणारं ग्रीस आणि पाच-सहा मिलिमीटर जाडीची हातभर नायलॉनची दोरी. सुंभ चालणार नाही, त्याचे धागे सिलिंडरमध्ये राहतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि काम मोठ्या ताटात करा. ड्रमची ती चिमुकली क्लिप उडून अंगणातल्या जांभ्याच्या खडीत गेली की संध्याकाळ शोधण्यात जाते. दोनदा झालंय.

कव्हर काढताना

मशीन थंड होऊ द्या. प्लगची टोपी काढा. मग पुढचा गार्ड मागे, आपल्याकडे ओढून ब्रेक सोडा. ही पायरी अनेक जण विसरतात. ब्रेक लागलेला असेल तर पट्टा ड्रमला घट्ट धरून असतो. ज्या मशीनमध्ये पट्टा कव्हरमध्येच बसवलेला असतो त्याचं कव्हर मग निघत नाही, आणि लोक ते उचकटून काढायला जातात. पट्टा मशीनच्या अंगात असेल तर कव्हर निघतं, पण ड्रम निघत नाही.

बारचे नट सोडा, कव्हर, चेन, बार बाजूला काढा. इथे मोबाइलवर एक फोटो घ्या. वायसर कुठे, कोणती बाजू बाहेर, हे जोडताना आठवत नाही.

पट्टा कव्हरमध्ये असलेल्या मशीनवाल्यांनी एक जपावं: कव्हर हातात असताना ब्रेकशी खेळू नका. हातात असतानाच तो लागला तर पट्टा आवळतो आणि कव्हर ड्रमवर बसतच नाही. माझं पहिल्यांदा असं झालं तेव्हा अर्धा तास मी कव्हर हातोडीने बसवायचा प्रयत्न करत होतो. उपाय सोपा आहे. कव्हर शेगड्यात म्हणजे व्हाइसमध्ये (तोंडाला फडकं लावून) धरा, गार्डची खाच ज्या खुंटीला अडकते ती खुंटी पान्याने किंवा सुट्या गार्डने उलट दिशेला फिरवा, ‘टक्’ आवाज येऊन पट्टा मोकळा होईल. जोर बराच लागतो, बोटं स्प्रिंगच्या वाटेत ठेवू नका.

ड्रम आणि क्लच सोडवणं

मशीनचे दोन प्रकार पडतात. एकात ड्रम बाहेर दिसतो, त्याच्या मधोमध छोटी ई-आकाराची क्लिप आणि वायसर असतो. स्टिलच्या एमएस १८० सारख्या मशीनमध्ये असंच असतं. क्लिपवर फडकं किंवा अंगठा ठेवून बारीक स्क्रू ड्रायव्हरने ती काढा. वायसर, ड्रम, मग नीडल बेअरिंग, या क्रमाने बाहेर येतील. नुसती सफाई आणि बेअरिंगचं ग्रीस एवढंच काम असेल तर इथेच थांबता येतं, क्लच खोलायला नको.

दुसऱ्या प्रकारात शू बाहेर आणि ड्रम आत असतो. तिथे ड्रम काढायला आधी क्लच सोडवावा लागतो.

क्लचचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो, उलट दिशेला फिरवला की आवळतो. बऱ्याच क्लचवर बाण कोरलेला असतो, तो बघा. कारणही समजून घ्या: क्लचच्या बाजूने बघितलं तर इंजिन घड्याळाच्या दिशेनेच फिरतं, आणि लाकडाचा भार क्लचला मागे ओढतो. आटे सरळ असते तर तो कापता कापता सुटला असता. उलटे असल्यामुळे वापरात तो आणखी आवळला जातो. सोडवताना इतका जड का जातो, ते यावरून कळेल.

क्लच फिरवताना क्रँक फिरू नये म्हणून पिस्टन अडवावा लागतो. लोक दुसऱ्या बाजूला फ्लायव्हीलच्या पात्यात स्क्रू ड्रायव्हर घालतात. मीही घातला होता, पातं तुटलं, मशीन थरथरायला लागलं आणि फ्लायव्हील बदलावं लागलं. दोरीची पद्धत फुकट आणि निर्धोक आहे.

प्लग काढा. प्लगच्या भोकात एक प्लॅस्टिकची नळी (सरबताची चालेल) उभी धरा. स्टार्टरची दोरी हळूहळू ओढा, नळी वर येताना दिसेल. ती सगळ्यात वर किती येते ते एकदा बघून खूण करा. पुन्हा फिरवून ती वर येत असताना, खुणेच्या साधारण एक सेंटिमीटर खाली असताना थांबा. आता नळी काढा आणि नायलॉनची दोरी भोकातून आत सोडत जा, जाईल तेवढी. बाहेरच्या टोकाला आधीच गाठ मारून ठेवा. पिस्टन खाली असताना दोरी घातली तर ती धुराच्या पोर्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर जायच्या भोकात शिरते, आणि क्लच फिरवताना पिस्टनच्या कडेखाली कापली जाते. म्हणून पिस्टन वर आल्यावरच.

आता पाना लावा आणि घड्याळाच्या दिशेने हळूहळू दाब वाढवा. पिस्टन दोरीवर टेकून थांबेल आणि क्लच सुटेल. छिन्नी लावून शूवर हातोडी मारू नका. शू फुटतात किंवा क्लच वाकडा होतो.

सफाई आणि तपासणी

आधी कोरडा कचरा ब्रशने काढा. माडाचा भुसा केसाळ असतो, तो स्प्रिंगच्या वळ्यांत गुंततो. फणसाचा चीक आणि आंब्याचा ओला भुसा एकत्र झाला की डांबरासारखा बसतो. मग ब्रेक क्लीनर मारून पुसा. डिझेलने धुतलंत तर शू आणि ड्रमच्या आतल्या बाजूला तेलकट थर राहतो आणि क्लच घसरतो. स्प्रे मारताना आसपास बिडी, चूल काही नको.

आता एकेक भाग उजेडात बघा.

ड्रम: आतली बाजू गुळगुळीत आणि एकसारखी हवी. निळसर डाग म्हणजे तो भयंकर तापलेला आहे. हलका रंग बदललाय पण नख फिरवल्यावर खाच लागत नाही, तर चालवा. गडद निळा, तडा गेलेला किंवा खोल रेघा पडलेला ड्रम बदला, त्याच्यावर ब्रेकही अवलंबून आहे.

स्प्रॉकेट: चेनने दातांवर पाडलेली खाच अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल झाली की बदलायचं. माझा हिशोब सरळ आहे: दोन चेन संपल्या की तिसरीसोबत नवं स्प्रॉकेट. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घातली तर ती लवकर लांबते आणि लोक चेनच्या कंपनीला नावं ठेवतात. घेताना पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर) जुळवून घ्या.

स्प्रिंग: सैल असताना वळ्या एकमेकींना चिकटलेल्या हव्यात. मध्ये फट दिसली तर ती ताणलीय. दोन-तीन स्प्रिंगा असतील तर सगळ्या एकदम बदला. एक नवी आणि दोन जुन्या अशी खिचडी केली की एक शू आधी उठतो. नवी स्प्रिंग बसवायला क्लच शेगड्यात धरून एक हुक अडकवा आणि दुसरा बारीक पक्कडीने ओढा. चष्मा इथे लागतो.

शू: सगळे सारखे झिजलेले हवेत. एक जाड, एक पातळ असेल तर पूर्ण संच बदला. शूवर घासकागद मारून ‘पकड आणायची’ युक्ती मला पटत नाही. धातूचे शू असतात ते, स्वच्छ आणि कोरडे असले की पकड आपोआप येते.

नीडल बेअरिंग: पुसून तळहातावर फिरवा. रोलर चपटे झालेले, पिंजरा तुटलेला किंवा जळकट तपकिरी असेल तर बदला, किरकोळ किमतीचा पार्ट आहे. क्रँकचा जो भाग त्याच्याखाली येतो, तो बोटाने चाचपा. तिथे खरखर लागली तर नवं बेअरिंगही टिकणार नाही. ग्रीस हरभऱ्याच्या डाळीएवढं पुरे. जास्त भरलंत तर ते फेकलं जाऊन शूवर जातं, आणि आपण मुद्दाम पुसलेला क्लच पुन्हा तेलकट होतो.

ब्रेक

पट्टा जागेवर असतानाच त्याच्या दोन्ही बाजू ब्रशने साफ करा. सगळ्यात पातळ जागी तो ०.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाला असेल, वाकलेला असेल किंवा टोकाच्या हुकाजवळ तडा असेल, तर बदला. मोजायला व्हर्नियर नसेल तर नव्या पट्ट्याशेजारी ठेवून बघा. पट्ट्यावर ग्रीस, ऑइल अजिबात नको. पावसाळाभर पडवीत पडलेल्या मशीनच्या पट्ट्यावर गंज येतो, तो बारीक घासकागदाने काढा, नाहीतर पट्टा ड्रमला सतत चाटत राहतो.

मग लिव्हर आणि सांधे. गार्ड मागेपुढे करा. दोन्हीकडे स्पष्ट ‘टक्’ असा आवाज आणि ठाम थांबा यायला हवा. ढिला, लोंबता गार्ड म्हणजे खुंटी झिजलीय किंवा बोल्ट सैल आहे. सांध्यांतली घाण काढून तिथे, आणि फक्त तिथेच, ग्रीसचा अगदी बारीक थेंब लावा.

ब्रेकची मोठी स्प्रिंग गरज नसताना काढू नका. ती काढायचीच झाली तर आधी ब्रेक लावा, म्हणजे ताण कमी होतो, आणि वर जाड फडकं धरून मगच उचका. उडाली तर छपराच्या पत्र्याला खोक पाडते.

इथे एक राग काढून घेतो. ‘सारखा पडतो’ म्हणून गार्ड सुतळीने बांधून ठेवलेली, किंवा काढूनच टाकलेली मशीनं माझ्याकडे येतात. सारखा पडणारा ब्रेक म्हणजे खुंटी झिजलीय, दुरुस्तीचं काम आहे ते. बारच्या टोकाचा वरचा कोपरा फांदीला लागला की मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडाकडे येतं. तेव्हा सुतळी सोडायला वेळ नसतो. असं मशीन मी गार्ड बसवल्याशिवाय परत देत नाही, गिऱ्हाईक रुसलं तरी.

परत जोडताना

काढलं त्याच्या उलट क्रमाने. दोन जागी चुका होतात. पहिली: क्लच आवळताना तो उलट दिशेला फिरतो, म्हणून दोरी पिस्टनच्या दुसऱ्या बाजूला हवी. आधीची दोरी तशीच ठेवून आवळायला गेलात तर पिस्टन खाली उतरतो, पोर्ट उघडतो आणि दोरी त्यात सापडते. दोरी बाहेर काढा, स्टार्टर किंचित ओढून पिस्टन सगळ्यात वरच्या जागेच्या जरा पुढे, म्हणजे उतरायला लागलेला असा ठेवा आणि दोरी पुन्हा भरा. मग पान्याने चांगला घट्ट करा. पान्याला पाइप लावून लोंबकळायची गरज नाही, बाकीचं काम मशीनच करतं.

दुसरी: ड्रम बाहेर असलेल्या अनेक मशीनमध्ये ऑइल पंपाचा स्क्रूसारखा दांडा ड्रममुळे फिरतो. त्याची तारेची शेपटी ड्रमच्या कडेच्या खाचेत बसली पाहिजे. ड्रम दाबत थोडा मागेपुढे फिरवा, शेपटी खाचेत गेली की ड्रम आणखी थोडा आत जातो. ती चुकली तर मशीन झकास चालेल, पण चेनला ऑइल मिळणार नाही आणि बार निळा पडेल. मग वायसर, क्लिप. क्लिप खाचेत पूर्ण बसली का, ते नखाने चाचपा. सैल झालेली क्लिप पक्कडीने दाबून पुन्हा वापरण्यापेक्षा नवी घाला. मी डबीत चार ठेवतो.

कव्हर बसवण्याआधी ब्रेक सुटलेला आहे ना, ते एकदा परत बघा.

चाचणी

इंजिन बंद असताना गार्ड पुढे ढकला: चेन हाताने हलता कामा नये. मागे ओढा: चेन मोकळी. मग मशीन एका ओंडक्यावर फूट-दीड फूट उंचीवर, इंजिन बंद आणि ब्रेक सुटलेला असताना, दोन्ही हातांनी आडवं धरा. पुढची मूठ सोडा, मागची धरून ठेवा, म्हणजे बारचं टोक ओंडक्यावर पडेल. आदळताच गार्ड आपोआप पुढे पडला पाहिजे. नाही पडला तर सांध्यात घाण आहे किंवा स्प्रिंग मेलीय. असं मशीन घेऊन झाडाखाली जाऊ नका.

आता सुरू करा आणि मिनिटभर गरम होऊ द्या. जमिनीवर घट्ट धरून ब्रेक लावा आणि फक्त एक सेकंदभर पूर्ण रेस द्या. चेन जागची हलता कामा नये. सेकंदभरच म्हणतोय, कारण शू त्या वेळी अडवलेल्या ड्रमवर घासत असतात. थंड मशीन चालू करताना ब्रेक लावलेला असतो आणि रेस अर्धी अडकलेली असते. तसंच मिनिटभर ओरडत ठेवून तंबाखू मळत बसणारे क्लच जाळतात. चालू झाल्या झाल्या रेसला एकदा टिचकी मारून स्लोवर आणा. लाकडात चेन अडकली की तिथेही रेस सोडा, पाचर मारून फट उघडा. रेस देऊन चेन सुटत नाही, ड्रम मात्र निळा होतो.

ब्रेक सोडून स्लोवर ठेवा: चेन उभी. रेस देऊन सोडा: चेन लगेच थांबायला हवी. शेवटी बारचं टोक फिकट पुठ्ठ्यापासून चार बोटं वर धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली की शेपटी खाचेत नीट बसलीय. आणि त्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल घालू नका. त्यात धातूचा चुरा असतो, तो पंपात जातो आणि कव्हरमध्ये उडून लगदा आणखी कडक करतो.

ब्रेकची बंद इंजिनावरची चाचणी रोज सकाळी, दोन मिनिटांचं काम. कव्हर काढून ब्रश मारणं काम संपल्यावर त्याच संध्याकाळी, कारण रात्रभर वाळलेला फणसाचा चीक दुसऱ्या दिवशी निघत नाही. ड्रम काढून बेअरिंगला ग्रीस मी वर्षातून दोनदा लावतो: एकदा सरपणाच्या हंगामाआधी, फेब्रुवारीत, आणि एकदा मशीन पावसाळ्यासाठी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकताना.